पाचर काढल्याशिवाय उभे राहू नये

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा साष्टांग कागदावरच घातला असं समज.

मी मजेत आहे. तूही मजेत असशील. निदान फोन न उचलण्याइतकी ठणठणीत आहेस, हे मला गेले अकरा दिवस रोज सकाळी आठ वाजता कळतंय. काल न राहवून तुझ्या शेजारणीला फोन केला. म्हणाल्या, "अहो, त्या फोनसमोरच बसलेल्या असतात. वाजायचा थांबला की उठतात." वर म्हणतात, "तुमचं पत्र आलं का म्हणून रोज पेटी उघडून बघतात." कमाल आहे तुझी! तर घे, हे पत्र.

एवढ्या तेवढ्यावरून कुणी भावाशी बोलणं टाकतं का? ही गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं झाली, तू रोज आठला फोन करतेस, "खाल्लंस का रे?" विचारतेस, मी "खातोय" म्हणतो आणि वाडग्यात चमचा फिरवून तुला ऐकवतो. सगळं सुरळीत चाललं होतं. त्या दिवशी मी सहज म्हणालो की पायाच्या अंगठ्याला लागलंय. त्यावर तू म्हणालीस, "बारक्या, वाडगा रिकामा आहे." मी हसलो. तू हसली नाहीस. "भरलेला वाडगा असा खणखणत नाही. फोनवर तुला खोटं बोलता येतं, कागदावर लहानपणापासून जमलेलं नाही. काय असेल ते लिहून कळव." आणि खाडकन फोन ठेवलास.

एकतीस वर्षं कपबश्यांच्या कारखान्यात छडीने कप वाजवून तडा शोधणाऱ्या बाईच्या कानात मी चमच्याने धूळ फेकायला गेलो, हे माझं चुकलंच. पण वाडगा रिकामा नव्हता. संपत आला होता.

अंगठ्याचं म्हणशील तर विशेष काही नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी अजून फळबाजारात वजनकाटे तपासायला जातो, तुला माहीत आहे. काटेदुरुस्तीचं दुकान दुसऱ्याला दिलं, पण हात शिवशिवतात. तिथे पाच किलोचं वजन हातातून सुटलं आणि पायावर पडलं. नख काळंनिळं झालंय, येईल नवीन. चिरंजिवांना यातलं काही कळवू नकोस. तो पाच हजार मैलांवरून काळजी करणार आणि मला इथे फोनवर त्याची समजूत घालत बसावी लागणार.

तुझी ती हरवलेली अंगठी सापडली का? भांडी घासताना गेली असेल तर सिंकच्या खालचं वळण उघडून बघ. मला तर नवलच वाटलं. चाळीस वर्षांत साबण लावूनसुद्धा ती बोटातून निघाली नव्हती.

पत्र लिहिलं. आता फोन उचल.

तुझा,
बारक्या

ता. क. सकाळी मी खातो. चहाबरोबर बिस्कीट. दोन.


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. इतक्या मोठ्या कार्डावर इतकं कमी लिहिणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. "चाळीस वर्षांत वजन हातातून सुटलं नाही. आताच कसं सुटलं?" बस. खाली सहीसुद्धा नाही.

दोन दिवस कार्ड काट्याखाली दाबून ठेवलं. पण ते नजरेआड काही होईना.

ताई, वजन सुटलं नाही. मी पडलो.

आता सगळं सांगतो, मध्ये थांबलो तर परत सुरू करणार नाही. त्या मंगळवारी सकाळी सात वाजता रक्तदाबाची गोळी घेतली, कोऱ्या चहाबरोबर. बिस्कीटही नव्हतं, ते मी तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं. साडेनऊला बाजारात सफरचंदवालीचा काटा तपासायला घेतला. पाच किलोचं वजन उचललं, पारड्यात ठेवणार तोच काट्याच्या दोन सुया दिसायला लागल्या. मी मनात म्हटलं, हा काटा भलताच बिघडलेला दिसतो. त्यापुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी सफरचंदांमध्ये होतो आणि कोपऱ्यावरचा चष्मेवाला त्याचा अक्षरांचा पुठ्ठा घेऊन मला वारा घालत होता. पुठ्ठ्यावरची शेवटची ओळसुद्धा मला वाचता आली, हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "काका, गप्प पडून राहा." सफरचंदवाली बिचारी घाबरून एवढंच विचारत होती की, काटा बरोबर आहे ना? बरोबर होता. बिघडलो होतो तो मी.

चष्मेवाल्यानेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण आवाज तुझ्यासारखा. "सकाळी काय खाल्लंत?" म्हटलं, चहा. "काल सकाळी?" चहा. "परवा?" मी म्हटलं, बाई, तुम्ही किती मागे जाणार आहात? त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग माझी चांगली हजेरी घेतली. संध्याकाळी सातला जेवता आणि दुसऱ्या दिवशी एकला जेवता, म्हणजे अठरा तास पोटात काही नाही, त्यावर गोळी. चक्कर येणार नाही तर काय होईल? म्हणाल्या, तरुणपणी उपास खपतो. या वयात शरीराला बाहेरून मिळालं नाही की ते स्वतःच्याच दंडा-मांड्यांतून काढून घेतं, आणि एकदा गेलेलं मांस सत्तरीनंतर सहजी परत येत नाही. पाय लटपटतात, माणूस पडतो, हाड मोडतं, आणि मग स्वतःच्या घरात एकट्याने राहणं संपतं. हे शेवटचं त्या सहज बोलून गेल्या. 

मला काट्यावर उभं केलं. साडेछप्पन्न. वर्षापूर्वी बासष्ट होतो. मी म्हटलं, तुमचा काटा मंद आहे, पाच-साडेपाच किलो कमी दाखवतोय. शुक्रवारी अवजारं घेऊन गेलो आणि तपासला. ताई, इतका चोख काटा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

आता तुला मुद्द्याचं सांगतो, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. मागच्या वर्षी मी जिन्यात घसरलो तेव्हा चिरंजीव म्हणाला होता, "बाबा, आता एकदा जरी असं झालं तरी तुम्ही इकडे यायचं. वाद नको." सूनबाई चांगली आहे, नातवंडं गोड आहेत, तिथे मला कुणी काही कमी करणार नाही. पण तिथे मी पाहुणा असेन. इथे माझ्या दोन खोल्या आहेत, खिडकीशी कामाचं टेबल आहे, टेबलाच्या खणात कुठला स्क्रू कुठे आहे ते मला न बघता सापडतं. बाजारात गेलो की चार माणसं "काका, आमच्याकडे कधी?" विचारतात. हे सोडून मला कुठेही जायचं नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, त्याला कळवू नकोस. तू म्हणशील ते करतो.

तुझा,
बारक्या


२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. "म्हणशील ते करतो" हे वाक्य मी तुला लिहून द्यायला नको होतं. तू लगेच त्याचा फायदा घेतलास.

तुझ्या अटी सगळ्या मान्य. एक, आठच्या आत सकाळचं खाणं, गोळी त्यानंतर. दोन, काय खाल्लं ते दर आठवड्याला लिहून कळवायचं. तीन, वजनही कळवायचं, आणि ते वाढलेलं असलं पाहिजे. चार, मुलाला तू सांगणार नाहीस, पण "दोन महिन्यांत तूच सांगायचंस". ही चौथी अट फार कडू आहे. पण गिळली.

आता अहवाल. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलंय ते असं: एक अंडं किंवा वाटीभर दही, त्याबरोबर ओट किंवा पाव, एक फळ, आणि मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, दात कुरकुरत असतील तर रात्रभर भिजवून. म्हणाल्या, नुसता चहा-पाव म्हणजे पोट भरल्याचं सोंग. अंगाला लागणारं काहीतरी पाहिजे. मी विचारलं, भूकच नसेल तर? म्हणाल्या, "आठ दिवस भुकेची वाट न बघता खा. नवव्या दिवशी ती आपणहून येईल."

पहिल्या दिवशी अंडं उकडायला ठेवलं आणि एका जुन्या काट्याची स्प्रिंग साफ करायला बसलो. वास आला तेव्हा पातेल्यात पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पातेल्यासमोर उभा राहिलो, तर अंडं आतून पातळ. तिसऱ्या दिवशी माझ्यातला कारागीर जागा झाला. घड्याळ लावून साडेआठ मिनिटं, मग थंड पाणी. आता माझं अंडं रोज सारखं होतं. चष्मेवाल्याला बोलावून खाऊ घातलं. म्हणाला, "काका, कमाल!" त्याला कुणी अंडं देत नसावं.

नवव्या दिवशी भूक आली, बरं का. पावणेसातला. मी अंथरुणात होतो आणि पोटात कावळे ओरडत होते. इतक्या वर्षांनी जुना ओळखीचा माणूस दारात उभा राहावा तसं वाटलं. उठून आधी केळं खाल्लं, मग तोंड धुतलं. आई असती तर रागावली असती.

वजन सत्तावन्न.

पण ताई, एकट्यानेच काट्यावर उभं राहायचं हे काही बरोबर नाही. तूही सत्त्याहत्तरची आहेस. तेव्हा तुझ्यासाठी एक काटा पाठवतोय. पायाखाली ठेवायचा, गोल तबकडीचा, जुन्या दुकानातला, माझ्याकडे पडून होता. आतली स्प्रिंग बदलली, सुई नवीन लावली, वरचं रबर घासून चकचकीत केलं. वीस-वीस किलोची वजनं ठेवून तपासला, केसभरसुद्धा फरक नाही. वाटेत आदळआपट होऊन बिघडू नये म्हणून व्यवस्थित बांधूनबिंधून दिलाय. रविवारी सकाळी खाण्याच्या आधी उभी राहत जा आणि मला आकडा कळवत जा. मी एकटाच का म्हणून हजेरी देऊ?

अंगठीचं लिहिलं नाहीस.

तुझा आज्ञाधारक,
बारक्या


२४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. काटा पोचला, छान दिसतो, न्हाणीघराच्या दाराशी ठेवलास, वाचून बरं वाटलं. तुझे आकडेही पोचले. बावन्न, बावन्न आणि परत बावन्न. तुझं वजनसुद्धा कारखान्यातून एकाच साच्यात काढल्यासारखं आहे! माझं बघ, सत्तावन्न, सव्वासत्तावन्न, परवा दही जास्त झालं तर अठ्ठावन्नला टेकलं. मी सुईकडे असा बघतो की जणू दुसऱ्या कुणाचं बक्षीस जाहीर होतंय.

फोन नको, पत्रंच बरी, म्हणतेस. ठीक आहे. मलाही सवय लागलीय. सकाळी खाऊन झालं की टेबलावरचं ताट बाजूला सारतो आणि तुला काय लिहायचं त्याचा विचार करतो. बाजारात जिना न थांबता चढलो. सफरचंदवाली अजून मी वजन उचललं की हात पुढे करून उभी राहते, झेलायला. तिला म्हटलं, "बाई, आता पडणार नाही, पोटात अंडं आहे." ती म्हणाली, "तरी पण काका." आणि एक सफरचंद कापून दिलं.

एक सांगायचं राहिलंय. मी सकाळचं खाणं का सोडलं, हे तू विचारलं नाहीस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, त्यांना म्हटलं कंटाळा. कंटाळा नव्हता.

दुपारचं जेवण मला एकट्याने जमतं. त्या वेळी मी पूर्वीही दुकानात असायचो, डबा उघडायचा, खायचा, झाकण लावायचं. पण सकाळी आम्ही दोघं टेबलाशी बसायचो. ही भिंतीला पाठ करून, मी खिडकीला. फार काही बोलणं व्हायचं नाही. ती मला आज काय काय आणायचं ते सांगायची आणि मी ऐकतोय असं दाखवायचो. ती गेल्यावर पहिल्या दिवशी मी तिथे ताट घेऊन बसलो आणि समोर बघितलं. घास तोंडात फिरायला लागला. मग उभ्याने खायला लागलो. मग ओट्याशी चहा. मग नुसता चहा. आणि तुझ्यासाठी चमचा. असं ते हळूहळू झालं ताई, एका दिवसात कुणी ठरवून उपाशी राहत नाही.

आता काय केलंय सांगू? मी तिच्या जागेवर बसतो. भिंतीला पाठ करून. तिथून खिडकी दिसते, रस्ता दिसतो, समोरच्या बेकरीचं दार उघडताना दिसतं. एवढी वर्षं ती हे बघत होती आणि मला फक्त भिंत दिसायची. मला खूप आठवण येते तिची. पण आठवण येत असताना खाता येतं, हे मला माहीत नव्हतं.

आणि हो, चौथी अट. रविवारी चिरंजिवाला फोन करून सगळं सांगितलं. बाजार, सफरचंदं, साडेछप्पन्न, सगळं.  मला वाटलं, आता तो तिकिटाची तारीख सांगणार. मग म्हणाला, "बाबा, आज सकाळी काय खाल्लंत?" म्हटलं, अंडं, ओट, अर्धं पपईचं फळ. म्हणाला, "आणि वजन?" सांगितलं. मग म्हणाला, "राहा तिथे. पण मला खरं सांगत जा. तुम्ही पडलात याच्यापेक्षा तुम्ही मला सांगितलं नाहीत याचं वाईट वाटलं." मी "हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर डोळे पुसले आणि अर्धी उरलेली पपई संपवली.

तर तुझ्या भावाचं घर वाचलं. तुझ्यामुळे.

तुझा,
बारक्या


१४ एप्रिल

ताई,

नमस्कार वगैरे नंतर.

आज सकाळी खाऊन झाल्यावर टेबलाचा खण लावत होतो. चपटे स्क्रू, गोल स्क्रू, स्प्रिंगा. त्यांच्याखाली एक लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी सापडली, दोऱ्यासकट. माझ्याच अक्षरात. "पाचर काढल्याशिवाय उभे राहू नये."

काटा बाहेरगावी पाठवायचा असला की वरच्या पत्र्याच्या आणि तळाच्या मध्ये लाकडी पाचर ठोकतात, म्हणजे वाटेत स्प्रिंगेला धक्का बसत नाही. पोचल्यावर काट्याला उलटं करायचं, पाचर ओढून काढायची. ही चिठ्ठी काट्याला बांधायची असते. चाळीस वर्षांत मी शेकडो काटे पाठवले, एकदाही चिठ्ठी बांधायला विसरलो नाही. तुझ्याच काट्याला विसरलो. घरचं काम म्हणून घाई केली.

पाचर आत असली की सुई हलत नाही. त्यावर तू उभी राहा, मी उभा राहतो, सफरचंदवाली टोपल्यांसकट उभी राहू दे. शून्य म्हणजे शून्य.

आणि तू मला सहा रविवार बावन्न कळवलंस.

 आधी हसूच आलं. म्हटलं, सापडली! मला रिकाम्या वाडग्यावरून पकडलंस ना, आता तू पाचरीवरून सापडलीस. मग बावन्न कुठून आलं ते आठवलं. ते वजन मीच केलं होतं, दुकानातल्या मोठ्या काट्यावर, ही होती तेव्हा. तुम्ही दोघी हसत हसत एकदमच उभ्या राहिला होतात आणि मी ओरडलो होतो, "एकेकीने, एकेकीने!" तीन वर्षं झाली त्याला.

मग हसू गेलं. अंगठी आठवली. चाळीस वर्षं साबणाने न निघालेली अंगठी भांडी घासताना आपली आपण कशी गेली, हा साधा प्रश्न मला, जन्मभर वजनं करणाऱ्या माणसाला, पडला नाही. मी तुला सिंकचं वळण उघडायला सांगत होतो.

आणि फोन. मला वाटत होतं, तू मला शिक्षा म्हणून फोन घेत नाहीस. तसं नव्हतं ना ते? मी खाऊ लागल्यावर मी तुला विचारलं असतं, "आणि तू काय खाल्लंस गं?" आणि मग तुला चमचा वाजवावा लागला असता. तो मी ओळखला असता, हे तुला माहीत होतं.

ताई, तो मी कसा ओळखला असता, ते आता लिहितो. तू म्हणतेस कागदावर मला खोटं जमत नाही. गप्प राहणं मात्र जमलंय, तब्बल बासष्ट वर्षं.

रिकाम्या वाडग्याची युक्ती माझी नाही. तुझी आहे. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात सहाला जायची आणि आपल्या दोघांसाठी दूध-पाव ठेवून जायची. मी नऊ वर्षांचा, तू पंधराची. मला तू टेबलाशी बसवायचीस, वाडगा भरून द्यायचीस आणि "माझं आत आहे" म्हणून पडद्याआड जायचीस. आतून चमच्याचा आवाज यायचा. छान, भराभर. बाहेर आलीस की मी विचारायचो, "अजून आहे का?" तू म्हणायचीस, "तू घे. माझं झालं."

एकदा मला मीठ हवं होतं की काय कोण जाणे, मी उठलो आणि पडदा बाजूला केला. तुझी माझ्याकडे पाठ होती. तू उभ्याने चमचा फिरवत होतीस. वाडग्यात काही नव्हतं. तेव्हा तुला कळलं नाही मी पाहिलं ते; फोनवर माझा चमचा ऐकलास तेव्हाच कळलं असणार.

मी परत जागेवर आलो आणि माझा वाडगा संपवला. दुसऱ्या दिवशीही संपवला. तू नोकरीला लागेपर्यंत, दोन वर्षं, रोज संपवला. मला भूक लागायची, ताई. एवढंच कारण आहे, दुसरं नाही. मला माहीत होतं आणि मी खात होतो.

म्हणून तू त्या दिवशी फोनवर "वाडगा रिकामा आहे" म्हणालीस तेव्हा मी हसलो. घाबरून हसलो. कारखान्यातल्या कानाने तू ओळखलंस, असं मी पत्रात लिहिलं. तूही ते खोडलं नाहीस. आपण दोघांनी तो कारखाना मध्ये उभा करून ठेवला. तू कप वाजवायला लागलीस त्याच्या आधीपासून तुला तो आवाज ठाऊक होता.

मी तुला रागवत नाही. मी कोण रागावणारा? आणि मी तुला घर सोडून इकडे ये असंही म्हणणार नाही. तुझी गॅलरी, तुझी शेजारीण, तुझं ते पत्रपेटीपर्यंत जाणं, हे काय असतं ते मला आता कुणी शिकवायला नको. मला फक्त एवढं माहीत आहे की एकट्याने सकाळचा पहिला घास घशाखाली उतरत नाही, आणि समोर कुणी असलं, निदान आठ दिवस कुणी असलं, की तो उतरतो. मग भूक आपणहून येते. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं निघालं, माझ्यावर प्रयोग झालाय.

तेव्हा शनिवारी पहिल्या गाडीने निघतोय. आठच्या आत तुझ्या दारात. पंधरा दिवसांचे कपडे घेतलेत, बाजारात कळवलंय, सफरचंदवालीने तुझ्यासाठी वेगळी पिशवी भरून दिलीय. तिकडच्या डॉक्टरांकडे सोमवारी जाऊ, दोघंही. बरोबर पक्कड आणतो, दारात चपला काढल्या की आधी पाचर काढतो. मग तू उभी राहा. जो आकडा येईल तो येईल, मी मोठ्याने वाचणार नाही.

आमच्या चिरंजिवाला काल सांगितलं, आत्याकडे चाललोय. म्हणाला, "बाबा, तुम्ही आत्याची काळजी घ्यायला चाललात?" त्याच्या आवाजात इतकं आश्चर्य होतं की मला थोडा रागच आला. मग वाटलं, खरंय. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदाच.

काही करून ठेवू नकोस. अंडी मी आणतो, साडेआठ मिनिटं मी बघतो, पातेलं तेवढं दाखव. तू फक्त दोन वाडगे काढ, आणि पडदा असला तर तो बाजूला सार. टेबलाशी माझ्यासमोर बसायचंय तुला. दोन्ही वाडगे मी भरणार आहे, आणि या वेळी "माझं झालं" चालणार नाही.

आधी तू घे.

तुझा,
बारक्या